परीक्षा शनिवारीच आहे

परीक्षा मंडळवाल्यांनो, तुम्हाला खोटारडे म्हणता येत नाही. खोटं बोलायलासुद्धा समोर कुणीतरी माणूस आहे एवढं मानावं लागतं, आणि तुम्ही तेवढंही मानलं नाहीत. परीक्षेला अकरा दिवस उरले असताना, एका बुधवारी दुपारी, तुमच्या यंत्रानं लुपेसिनाला दोन ओळी पाठवल्या. आपली परीक्षा शुक्रवारऐवजी शनिवारी घेण्यात येईल. होनोलुलूची वेळ, सकाळी नऊ. कारण नाही, सही नाही, दिलगिरीचा शब्द नाही. होनोलुलूत शनिवारी सकाळचे नऊ वाजतात तेव्हा सामोआत रविवारी सकाळचे आठ वाजलेले असतात. मध्ये तारखेची रेघ आहे. दुसरीतलं शेंबडं पोर नकाशावर बोट ठेवून ती दाखवेल. कायदा शिकायला लायक कोण नि नालायक कोण ते तुम्ही ठरवता, आणि तुमच्या अख्ख्या कचेरीत एक नकाशा नाही?

लुपेसिनानं ते पत्र शाळेच्या कॉम्प्युटरवर तीनदा वाचलं. मग उठून खिडकीशी गेली. खिडकीतून चर्चची भिंत दिसते. दिसते म्हणजे काय, हात लांब केला तर लागते. फागासोलो गावात शाळा आणि चर्च एकाच आवारात आहेत, आणि रविवारी सकाळी आठ वाजता त्या चर्चमध्ये एकशे ऐंशी माणसं पांढरे कपडे घालून छपराचे पत्रे हादरतील अशी गातात.

आणि परीक्षेचा नियम असा की माईक पूर्ण वेळ चालू. खोलीत दुसऱ्या माणसाचा आवाज आला की परीक्षा रद्द. खोलीसुद्धा आधी ठरवून, तिचे चारही बाजूंनी फोटो पाठवून मंजूर करून घ्यायची, आणि चौदा दिवस उरले की ती बदलता येत नाही. चौदा दिवसांच्या आत खोली बदलायची मुभा नाही, पण दिवस बदलायची आहे. ती तुम्हाला आहे.

लुपेसिना चोवीस वर्षांची. गावच्याच शाळेत पहिलीच्या मुलांना अक्षरं शिकवायची. कायद्याचं वेड तिच्या डोक्यात शिरलं ते तिचे बाबा कोर्टात गप्प बसले त्या दिवशी. बाबा म्हणजे मुलीतालो, गावच्या मानकऱ्यांतला पहिला वक्ता. लग्न असो, मयत असो, पाहुण्या गावाचं स्वागत असो, हातात काठी घेऊन मुलीतालो उभा राहिला की समुद्रानं कान द्यावा. एका कंपनीनं गावच्या किनाऱ्यावर भाडेपट्टा सांगितला तेव्हा हा माणूस राजधानीच्या कोर्टात तीन दिवस बसला. तिथे सगळं चाललं होतं ते वकिली इंग्रजीत. तीन दिवसांत त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. बोटीनं परत येताना तो लुपेला एवढंच म्हणाला, "आमची बाजू खरी होती. पण ती त्यांच्या भाषेत कुणी उभी केली नाही."

होनोलुलूच्या कायदा कॉलेजात बेटांवरच्या मुलांसाठी एक जागा असते, राहण्याजेवण्यासकट. यंदाची ही शेवटची परीक्षा. पुढच्या वर्षीपासून ती जागा बंद, असं कॉलेजनं आधीच कळवलं होतं. म्हणजे हा रविवार गेला की सगळंच गेलं.

अभ्यासाला पुस्तक एकच. परदेशातून आलेली कुणी स्वयंसेवक बाई ते मागे ठेवून गेलेली. वाळवीनं शेवटची साठ पानं खाल्ली होती, आणि नेमकी उत्तरं शेवटच्या साठ पानांतच होती. बाईनं जागोजागी पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. लुपेनं पहिले सहा महिने त्या खुणा म्हणजे देववाणी धरली. मग तिच्या लक्षात आलं की बाई निम्म्या ठिकाणी चुकलेली आहे. त्या दिवशी ती दोन तास रडली आणि दुसऱ्या दिवसापासून तिचा खरा अभ्यास सुरू झाला. उत्तर बरोबर कशावरून, हे आता तिचं तिलाच सिद्ध करावं लागायचं.

प्रश्न तरी कसले. कुणीतरी एक विधान करतो, कारण देतो, आणि विचारतात, या म्हणण्यात खोट कुठे आहे? लुपेला खोट दिसायची. पण ती दाखवायला हात धजायचा नाही. मोठ्या माणसानं सांगितलेलं खोडायचं नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं. समोर छापील कागद होता, तरी तो कुणी काका-मामा असल्यासारखी ती सर्वांत मवाळ उत्तर निवडायची, आणि चुकायची.

एक दिवस ओसरीवर ती असाच एक प्रश्न घेऊन बसली होती. मुलीतालो शेजारी नारळाच्या काथ्याची दोरी वळत होता. मांडीवर तळहात घासायचा नि दोरी पुढे सरकायची.

"काय एवढं कपाळाला आठ्या घालून?"

"बाबा, एका शहरात बर्फ काढायच्या गाड्या वाढवल्या. त्या वर्षी अपघात कमी झाले. म्हणून म्हणतात, गाड्यांमुळे अपघात कमी झाले."

"मग?"

"खोट शोधायची. पण मी बर्फ बघितलाच नाही कधी. त्या गाड्या कशा असतात तेच डोळ्यांसमोर येत नाही."

मुलीतालोची दोरी थांबली नाही. "त्या वर्षी बर्फ तेवढाच पडला होता का?"

लुपेनं प्रश्नाखालचे पर्याय पाहिले. उत्तर तेच होतं. तिला चार मिनिटं लागली असती.

"तुम्ही तरी कुठे बघितलाय बर्फ?"

"बर्फ कशाला बघायला हवा? भाषण बघायचं. दरेक भाषणात एक माणूस लपलेला असतो, लुपे. बोलणारा त्याचं नाव घेत नाही, पण त्याच्याच खांद्यावर उभा असतो. तेवढा एक माणूस हुडकून बाहेर काढायचा. भाषण आपोआप खाली बसतं."

"पण मोठ्या माणसाचं बोलणं खाली बसवायचं म्हणजे..."

"पोरी, चाळीस वर्षं दुसरं काय करतोय मी? आधी मान द्यायचा. त्याच्या आज्याचं, पणज्याचं नाव घ्यायचं, त्याच्या डोंगराचं नाव घ्यायचं. पोटभर मान द्यायचा आणि मग कापायचं. मान दिला म्हणून सुरी बोथट होत नाही."

तेव्हापासून रोज शाळा सुटली की दोघांची बैठक बसायची. ती प्रश्न आपल्या भाषेत करून सांगायची, तो लपलेला माणूस बाहेर काढायचा. आई, तालोसागा, चटई विणता विणता म्हणायची, "या घरात आता मीठ मागायचीही सोय नाही. मागितलं की विचारतात, कशावरून कमी आहे?"

आणि आता हा रविवार.

गुरुवारी लुपे पाद्रींकडे गेली. तुमच्याच नियमात लिहिलं आहे, ज्यांच्या धर्मात परीक्षेच्या दिवशी काम निषिद्ध आहे त्यांनी धर्मगुरूंचं पत्र जोडावं, दुसरा दिवस मिळेल. पाद्रींनी पत्र दिलं, शिक्का मारला. शनिवारी तुमचं उत्तर आलं. आमच्या नोंदींनुसार आपली परीक्षा शनिवारी आहे. आपल्या पत्रात रविवारचा उल्लेख आहे. मंडळ रविवारी परीक्षा घेत नाही. सबब विनंती अमान्य.

तिनं परत लिहिलं. तारखेची रेघ समजावली, तास मोजून दाखवले. उत्तर पाच मिनिटांत आलं, आणि ते आधीचंच होतं, काना-मात्रा न बदललेलं. परीक्षा शनिवारीच आहे.

"पागोपागोला जा ना," शाळेतली तिची मैत्रीण सुलू म्हणाली. "रेघेच्या पलीकडे. अर्ध्या तासाचं विमान. तिथे अजून शनिवारच असतो."

"परवान्याला तीन आठवडे लागतात. आणि खोली ही मंजूर झालीय, तिथली नाही."

"शेजारच्या बेटावर शनिवार मिळतोय आणि तुला तो आणता येत नाही. कमाल आहे."

त्या संध्याकाळी लुपेनं बाबांना सांगितलं. मुलीतालोनं सगळं ऐकून घेतलं, हातातली दोरी बाजूला ठेवली, आणि बराच वेळ काही बोलला नाही. गप्प बसलेला मुलीतालो तिनं एकदाच पाहिला होता, कोर्टात.

गावचा नियम साऱ्यांना पाठ. रविवारी होडीला हात नाही, कोयत्याला हात नाही, वहीला हात नाही. मोडला तर एक डुकरीण आणि माशांच्या डब्यांची दहा खोकी. गेल्याच वर्षी लेआसीनं रविवारी होडी पाण्यात घातली होती. लेआसी म्हणजे गावातला दुसरा वक्ता, मुलीतालोचा जन्माचा प्रतिस्पर्धी. रात्रीच्या वाऱ्यानं जाळं वाहून चाललं होतं, म्हणून होडी काढली, असं त्याचं म्हणणं. मानकऱ्यांच्या बैठकीत तो दंड ज्यानं बोलून दाखवला, तो मुलीतालो. त्या दिवसापासून दोघं एकमेकांच्या वाटेवर पाऊल टाकत नव्हते.

"मी नाही बोलू शकत, लुपे," तो शेवटी म्हणाला. "लेआसीच्या जाळ्याला रविवार आणि माझ्या पोरीला सूट? लोक तोंडावर थुंकतील. थुंकायलाच हवं."

"सूट कोण मागतंय?" लुपे म्हणाली. "बैठकीपुढे विषय तर जाऊ दे."

"विषय जाईल. तेवढं बापाचं काम मी करतो."

तालोसागा चटईवरून मान वर न करता म्हणाली, "आणि लेआसीची बायको गावच्या दुकानात भेटली तर मी काय सांगू? की नवऱ्याचं पाप मोठं नि पोरीचं लहान?"

सोमवारी बैठक भरली. भिंती नसलेलं घर, भोवती खांब, दर खांबाशी एकेक मानकरी पाठ टेकून. बायकामुलींना आत बसायचा मान नाही, पण भिंतीच नसल्या म्हणजे ऐकायला मान लागत नाही. लुपे आणि तिची आई बाहेर निरफणसाच्या झाडाखाली बसल्या. कावाची, मुळं कुटून केलेल्या पेयाची, वाटी फिरली. मुख्य मानकरी तोलेआफोआ यांनी विषय सांगितला: शाळामास्तरणीला येत्या रविवारी परीक्षा द्यायची आहे.

मग वक्त्यांची झुंज लागली. विषय मांडायचा कुणी, हे आधी ठरतं. प्रत्येक जण दुसऱ्याला म्हणतो, आपणच बोला, मी कोण. आणि मनातून मान आपल्यालाच मिळावा म्हणून शब्दाला शब्द लावतो. कधी तासभर चालतं हे. पंधरा वर्षांत मुलीतालो कधी हरला नव्हता. इतर वक्ते एकेक करून मागे सरले. उरले दोघे, घराच्या दोन टोकांना.

"आपणच बोला, मुलीतालो," लेआसी म्हणाला. आवाजात साखर आणि साखरेत खडे. "नियमाची आपल्याइतकी चाड कुणाला आहे? गेल्या वर्षी मी स्वतः अनुभवलीय."

बाहेर लुपे सरसावून बसली.

मुलीतालो म्हणाला, "आपणच बोला, लेआसी. हा विषय माझ्या घरचा आहे. माझं तोंड यात तिरकं जाईल. ज्याला मी दंड सांगितला त्यानं बोलावं. तो जे बोलेल ते माझं बोलणं."

एवढं बोलून त्यानं मान खाली घातली. मुलीतालोनं मान सोडला होता, तोही लेआसीला. तालोसागानं लुपेचा हात धरला आणि पुटपुटली, "झालं. आता हा गेल्या वर्षीचं सगळं वसूल करणार."

लेआसीलाही ते अनपेक्षित असावं. त्यानं घसा खाकरला, पुन्हा खाकरला. मग सुरुवात केली. तोलेआफोआंच्या घराण्याला मान दिला, चर्चला दिला, मुलीतालोच्या पणज्याला दिला, आणि तो देताना त्याचा आवाज जरा खरा झाला.

"मानकऱ्यांनो, चौदा वर्षांपूर्वी सरकारनं तारखेची रेघ सरकवली. गुरुवारी रात्री आपण झोपलो आणि शनिवारी सकाळी उठलो. तीस डिसेंबर गावात आलाच नाही. माझ्या बायकोनं त्या शुक्रवारसाठी कोंबडी राखून ठेवली होती, ती एक दिवस जास्त जगली. त्या आधी, आज आपण ज्याला रविवार म्हणतो, तोच दिवस आपल्याकडे शनिवार होता. होनोलुलूत अजून आहे. तेव्हा देवाचा दिवस कुठला, हे ठरवलं कुणी? देवानं की सरकारनं?"

तोलेआफोआ म्हणाले, "म्हणजे लेआसी, तुझी होडी शनिवारी सुटली होती म्हणतोस?"

सगळं घर हसलं. लेआसीही हसला. "तोलेआफोआ, मुद्दा निघालाच आहे तर माझी डुकरीण परत मिळाली तरी चालेल."

"ती पचली," मागच्या खांबाकडून कुणीतरी म्हणालं.

हसू ओसरलं तसे तोलेआफोआ गंभीर झाले. "युक्तिवाद छान आहे. पण रेघ कुठेही असो, आपण सगळ्यांनी मिळून ज्या दिवसाला रविवार म्हणतो तो रविवार. मुलीला आत बोलवा."

लुपे आत गेली, कडेला मांडी घालून बसली, नजर चटईवर.

"पोरी, एक सांग. तुझी परीक्षा हे काम आहे की नाही? नाही म्हणालीस तर खोटं बोलशील. हो म्हणालीस तर दंड."

लुपेनं असे प्रश्न शेकड्यानं सोडवले होते. दोन पर्याय, दोन्ही वाईट. अशा वेळी लपलेला माणूस हुडकायचा. इथे तो कुठे होता ते तिला दिसलं. सगळ्यांनी धरून चाललं होतं की दंड टाळायचा आहे.

तिनं आधी मान दिला. तोलेआफोआंच्या आजोबांनी गावात पहिली शाळा बांधली, त्यांचं नाव घेतलं. लेआसीच्या घराण्याचं घेतलं, ज्यांनी त्या शाळेला नारळाची झाडं दिली. एकही नाव चुकलं नाही. मग म्हणाली,

"काम आहे. दंड बसावा. नियम मोडायची परवानगी मी मागत नाही. नियम आहे तसाच राहू दे. लेआसींना जेवढा बसला तेवढाच आम्हाला बसू दे, आणि आमच्याकडून तो आधी घ्यावा. रविवारच्या आत."

मुलीतालोनं मान वर केली. त्याला हे माहीत नव्हतं. घरात सर्वांत मोठी डुकरीण कुठली, तेवढं मात्र त्याला ठाऊक होतं.

"एक गोष्ट मात्र मागते," लुपे पुढे म्हणाली. "आठ ते अकरा मला शांतता हवी. खोलीत दुसरा आवाज आला तर परीक्षा रद्द होते. ही गोष्ट दंडात बसत नाही. ही उपकारातच बसते. पाद्रींना मी विचारलंय. बैठक म्हणाली तर घंटा पहाटे पाचला देईन, असं ते म्हणाले."

तोलेआफोआ खांबापासून पुढे वाकले. "मी साठ वर्षं या घरात बसतोय. पाप करायच्या आधी दंड भरणारं हे पहिलंच घर." मग लेआसीकडे वळून म्हणाले, "तू तिच्या वतीनं बोललास. तुझं मत?"

लेआसी म्हणाला, "माझ्या वतीनं ती माझ्यापेक्षा बरी बोलली. गेल्या वर्षी हिलाच बोलवायला हवं होतं." त्यानं मुलीतालोकडे पाहिलं. "बापापेक्षा पोरगी बरी आहे. बाप नुसता कापतो."

"शिकवलं कुणी?" मुलीतालो म्हणाला.

ठरलं. दंड शनिवारी भरायचा, प्रार्थना रविवारी पहाटे पाचला, आणि आठ ते अकरा गावात कुणी मोठ्यानं खोकायचं नाही.

रविवारी पहाटे, उजाडायच्या आत, गाव अंधारातच चर्चला गेलं. लुपे गायली, प्रवचन ऐकलं, आणि साडेसातला शाळेच्या खोलीत जाऊन बसली. बाहेर काय चाललंय ते तिला खिडकीतून दिसत होतं. कोंबड्या टोपल्यांखाली झाकल्या. डुकरं दूर मळ्यात बांधली. लहान मुलांना घेऊन बायका किनाऱ्याच्या पार टोकाला गेल्या. गॅसची जुनी टाकी झाडाला टांगलेली, तीच गावची घंटा. तिच्यापाशी लेआसी मांडी घालून बसला होता, टोल द्यायची लोखंडी पट्टी मांडीवर घेऊन, जणू कुणी ती पळवायला येणार आहे.

आठ वाजता पडद्यावर एक बाई आली. परीक्षेवर नजर ठेवणारी, होनोलुलूत कुठेतरी बसलेली. तिनं लुपेला खोली फिरवून दाखवायला लावली, बाह्या वर करायला लावल्या, कानांमागे पाहिलं. मग घड्याळ सुरू झालं.

पहिला प्रश्न एका नगरपालिकेच्या ग्रंथालयाबद्दल होता. लपलेला माणूस दुसऱ्याच ओळीत सापडला. दुसरा प्रश्न, तिसरा. सातव्याला ती अडखळली, म्हणून त्या विधानाच्या लेखकाला मनातल्या मनात एक आजोबा दिला, त्या आजोबांना मान दिला, आणि मग कापलं. पंधराव्या प्रश्नापर्यंत तिला कळलं की घड्याळ आपल्या मागे आहे, पुढे नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा असं झालं होतं.

दोन भाग संपल्यावर दहा मिनिटं सुट्टी. पडद्यावरची बाई चांगल्या स्वभावाची असावी. ती म्हणाली, "किती शांत आहे हो तुमच्याकडे. एवढी शांतता मी कुठल्याच उमेदवाराच्या खोलीत ऐकली नाही."

लुपे हसून म्हणाली, "रविवार आहे ना."

बाईनं मान डोलावली आणि काहीतरी टाइप केलं.

अकरा वाजता शेवटचं बटण दाबून लुपे बाहेर आली. लेआसीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि टाकीवर असा टोल हाणला की मळ्यातली डुकरंही जागी झाली. टोपल्या उचलल्या, पोरं किनाऱ्यावरून ओरडत आली. दंडाची डुकरीण सकाळपासून भट्टीतल्या तापलेल्या दगडांत होती, अळूची पानं नारळाच्या दुधात शिजली होती, आणि अख्खं गाव जेवायला बसलं. लेआसी आणि मुलीतालो एकाच चटईवर बसले. लेआसी म्हणाला, "माझी डुकरीण यापेक्षा चवदार होती." मुलीतालो म्हणाला, "तिच्यात रागाचं मीठ होतं." बैठकीबाहेर दोघं वर्षानं एकमेकांशी बोलले.

नऊ दिवसांनी तुमचं पत्र आलं.

नोंदींनुसार, उमेदवाराने मधल्या सुट्टीत "आज रविवार आहे" असे विधान केले. आपली परीक्षा शनिवारी नियोजित होती. या विसंगतीचा समाधानकारक खुलासा होईपर्यंत आपले गुण रोखण्यात येत आहेत. खुलासा सात दिवसांत पाठवावा.

खरं बोलली म्हणून अडकली. ज्या तीन तासांसाठी एका गावानं देवाची वेळ सरकवली, त्या तीन तासांवर तुमच्या कुणीतरी लाल रेघ ओढली.

सुलू तणतणली. तालोसागा म्हणाली, तू गप्प का नाही बसलीस. लेआसी स्वतः घरी आला, दारातूनच म्हणाला, "शिव्या लिहायच्या असतील तर मला बोलवा. माझ्याकडे साठा आहे." मुलीतालो मात्र लुपेकडे पाहत होता, कारण लुपे घाबरलेली नव्हती. गुण रोखले म्हणजे गुण आहेत. आणि समोर एक विधान होतं, त्याला एक कारण होतं, आणि त्या कारणाच्या मागे कोण लपलंय ते तिला केव्हाच दिसलं होतं.

"मी सांगू, तू लिही?" मुलीतालोनं विचारलं.

"नको, बाबा. मीच लिहिते. तुम्ही फक्त ऐका, कुठे बोथट होतंय का."

दोन दिवस तिनं एकच पान लिहिलं. मग ते बैठकीत वाचून दाखवलं, आधी आपल्या भाषेत, नंतर तुमच्या. तोलेआफोआंनी खाली पहिली सही केली, त्यांच्याखाली लेआसीनं, त्याच्याखाली मुलीतालोनं, मग एकोणीस मानकऱ्यांनी. पत्राचा शेवट असा होता:

"आपली परीक्षा कठीण आहे. आपण ती अनेक वर्षं, अनेक देशांत घेता, आणि तिच्यामुळे गरिबाच्या मुलालाही मोठ्या कॉलेजचं दार ठोठावता येतं. याबद्दल आमचं गाव आपला मान राखतं. तो मान राखूनच विचारते.

मी रविवारी परीक्षा दिली आणि आपण ती शनिवारी घेतली. दोन्ही खरं आहे, घड्याळही एकच आहे. आता दोनच शक्यता उरतात. होनोलुलूच्या शनिवारी सामोआत रविवार असतो, हे आपल्याला ठाऊक होतं, किंवा ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं, तर आमच्या पाद्रींचं पत्र कोणत्या कारणानं नाकारलं? ठाऊक नव्हतं, तर खुलासा मी द्यायचा की तुम्ही? यातलं कुठलंही एक निवडा, ते लिहा, आणि त्याखाली यंत्राची नव्हे, माणसाची सही करा. सात दिवस तुम्ही मला दिलेत, तेवढेच सात मी तुम्हाला देते. तुमचं उत्तर काय?"